बिनपाट्याचा वरवंटा

गिरजाबाईच्या घरातला पाटा-वरवंटा भंगारवाल्याच्या टेम्पोतून गेला, तेव्हा ती गावातच एका मयताला गेली होती. आपण दुसऱ्याच्या मयताला जाऊन येईपर्यंत आपल्या घरातलंही कोणी जाऊ शकतं, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. दगडही जातो, हे नवीन होतं.

घालवला तो सुनेनं, प्रतिक्षानं. तिची चूक म्हणावी तर तशी नव्हती. स्वयंपाकघरात नवा ओटा झाला होता, ओट्यावर मिक्सर होता, आणि खाली कोपऱ्यातला पाटा येता-जाता पायाला लागत होता. भंगारवाल्यानं मोडकी खाट, गंजका पंखा आणि वर ते दोन दगड असं सगळं उचललं आणि बदल्यात प्लास्टिकचा एक टब दिला. टब हिरवा होता. झाकण नव्हतं. गिरजाबाई आली, तिनं आधी टब पाहिला, मग कोपरा पाहिला, आणि तिथंच खाली बसली. मयतावरून आलेलं माणूस आंघोळीआधी घरात बसत नाही. ती बसली म्हटल्यावरच प्रतिक्षाला कळलं की काहीतरी फार मोठं झालंय.

काय झालंय ते मात्र सांगावं लागलं. कारण या घरात प्रतिक्षा सून म्हणून आल्यापासून बारसं झालंच नव्हतं, आणि आता व्हायचंही नव्हतं.

त्यांच्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. त्याला बाळाची कुंची घालतात, काजळ घालतात, गालाला तीट लावतात. गाल कुठला ते जिचं तिनं ठरवायचं. मग बायका त्याला पाळण्याखालून या हातातून त्या हातात देतात, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, आणि शेवटी त्याला बाळाच्या उशाशी ठेवून बाळाच्या कानात नाव सांगतात. त्यात हिशेब असा की लागायची ती नजर दगडाला लागावी आणि दगडाचं आयुष्य बाळाला लाभावं. गिरजाबाईच्या धनेशचं बारसं असंच झालं. पुढं तो मोठा झाला, रोह्याकडे कंपनीत लागला, लग्न केलं, आणि दोन वर्षांमागे शिफ्ट संपवून येताना गडब गावाजवळ हायवेवर ट्रकखाली गेला. दगडानं आपलं आयुष्य आपल्यापाशीच ठेवलं होतं.

त्यानंतर गिरजाबाईनं डोकं फिरल्यासारखं काही केलं नाही. रोज सकाळी मूठभर खोबरं आणि दोन मिरच्या घेऊन चटणी वाटायची, एवढंच. खाणारं कोणी असो नसो. धनेशला पाळण्यात पाहिलेलं त्या घरात त्या दगडाखेरीज दुसरं कोणी उरलं नव्हतं.

प्रतिक्षा रडली आणि दुसऱ्या दिवशी पेणला कामावर जाताना भंगारवाल्याला गाठून आली. तो म्हणाला, दगड काय आपण वितळवत नाय. जुनं सामान रोह्याचा एक टेम्पो येऊन घेऊन जातो, तिथं अशा वस्तूंचा बाजार भरतो, मोठमोठ्या गाड्यांतून लोक येतात.

"दगड घ्यायला?" गिरजाबाईनं विचारलं.

"दगड घ्यायलाच, आई," प्रतिक्षा म्हणाली.

ही बातमी धोंडुबाईला कळली आणि तिनं लगेच सहल काढली. धोंडुबाई, वनिता आणि गिरजाबाई या तिघींनी उभं आयुष्य खाडीकाठच्या मिठागरात एका रांगेत घालवलं होतं. मिठागर बंद झालं तशी रांग मोडली, मैत्रिणी तेवढ्या राहिल्या. धोंडुबाई पापडाच्या बचत गटाची अध्यक्ष झाली. वनिता कातकरवाडीतली, ती मिळेल त्या मजुरीला जात होती आणि मिळत नसेल तेव्हा कुठंच जात नव्हती.

"रविवारी पेणला आमच्या गटाचा स्टॉल हाय," धोंडुबाई म्हणाली. "हस्तकला महोत्सव. तो बगू, मंग रोह्याला जाऊ. काळुरामभावजींचा मिनीडोअर हाय. मजा करू गो जरा."

"मना मजा नको. वरवंटा पायजे."

"मजा करत वरवंटा शोदू. रडत शोदलास म्हणून काय लवकर गावणार हाय?"

रविवारी सकाळी काळुरामनं आपल्या सहा सीटच्या रिक्षातून तिघींना पेणच्या मैदानावर उतरवलं. मंडप भव्य होता. कमानीवर सात पुढाऱ्यांचे चेहरे होते आणि त्यांच्या खाली, जागा उरली म्हणून, एक मडकं काढलं होतं. उद्घाटन झालं नव्हतं म्हणून विक्री सुरू नव्हती. विक्री सुरू नव्हती म्हणून गर्दी नव्हती, आणि गर्दी नाही असं फोनवर कळल्यामुळे पाहुणे निघत नव्हते.

तिघी फिरल्या. हमरापूरच्या एका पोरीनं फ्रीजला चिकटवायचे बोटभर गणपती मांडले होते. बाकी ज्याला म्हणून सपाट बाजू होती त्या प्रत्येक वस्तूवर वारली चित्रं होती. कपांवर वारली, पिशव्यांवर वारली, मोबाईलच्या कव्हरवरसुद्धा ती काडीची माणसं गोल धरून नाचत होती. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी वनिताचं लुगडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्ही पण काढता का हो चित्रं? घरच्या भिंतीवर?"

"आमी कातकरी," वनिता म्हणाली. "आमच्या भितीवर रिचार्जवाल्याचा नंबर हाय. त्यानंच येऊन काडला. लाल रंगात."

"एक फोटो काढू का तुमचा?"

"काडा. भिंत नाय, तर मी तरी."

धोंडुबाईच्या स्टॉलवर ऋतुजा नावाची गटातली मुलगी पापडांवरच्या माश्या वारत बसली होती. धोंडुबाईनं अध्यक्ष या नात्यानं दोन माश्या स्वतः वारल्या आणि कारभार चांगला चाललाय असं जाहीर केलं. गिरजाबाई मात्र प्रत्येक टेबलाच्या खाली बघत होती. लोक टेबलावर मांडतात ते विकायला, आणि वाऱ्यानं मंडपाचं कापड उडू नये म्हणून खाली दगड ठेवतात. एका कापडावर तिला लांबट काळा दगड दिसला. ती वाकली. फरशीचा तुकडा होता.

"गिरजे, ऊठ," धोंडुबाई म्हणाली. "लोकांना वाटंल अध्यक्षांची मैत्रीण चोर हाय."

मिनीडोअर हायवेला लागला. गडब यायच्या आधी काळुराम उगाचच बोलायला लागला, आपल्या क्लचबद्दल, मग मेव्हण्याच्या क्लचबद्दल. धोंडुबाईनं पिशवीतून पेरू काढले. वनिता एकदम दुसऱ्या बाजूचं भाताचं शेत बघू लागली, कापणी होऊन गेलेलं, बघण्यासारखं काही न उरलेलं. तिघांनी ठरवून केलं असतं तरी इतकं वाईट जमलं नसतं.

"हितंच ना?" गिरजाबाईनं विचारलं.

धोंडुबाईनं तिच्या हातात एक पेरू दिला.

"दोन वर्सांत मीच वळखत नाय."

आणि खरंच ओळखू येत नव्हतं. रस्ता रुंद झाला होता, वडाचं झाड गेलं होतं, वळण होतं तिथं सरळ पूल होता. धनेश ज्या जागी गेला ती जागाच आता जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर हवेत होती. काळुरामनं सवयीनं हॉर्न दिला. पुढं कोणी नव्हतं.

नागोठण्याहून रोह्याला सरळ जाता येतं, पण काळुरामनं गाडी कोलाडवरून नेली, कारण कोलाडला त्याचा एक वडेवाला होता. मैत्रिणी वडे खात होत्या तेव्हा धोंडुबाईनं कामाचा प्रश्न काढला.

"गिरजे, वळखशील ना?"

"चाळीस वर्सं हातात व्हता."

"खूण काय त्याची?"

गिरजाबाईनं आठवून पाहिलं. रंग काळा. सगळेच काळे असतात. लांबी तिच्या हाताची वीत आणि वर थोडी. एका टोकाला टवका उडालेला होता का? की तो पाट्याला होता? तिच्या लक्षात आलं की चाळीस वर्षं तो दगड तिनं धरला होता, धुतला होता, एकदा त्याला काजळही घातलं होतं, पण पाहिला असा कधीच नव्हता. आपल्या हाताकडे तरी कोण बघतं?

"हाताला कळंल," ती म्हणाली. "हातात घेतला की कळंल."

यावर तिघींचं एकमत झालं. हात खोटं बोलत नाही. वड्यावर पाणी पिऊन त्या निघाल्या.

रोह्याचा बाजार एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या शेडमध्ये होता. बाहेर पाटी होती, 'वारसा व्हिंटेज मार्केट', आणि खाली 'पार्किंगची सोय'. आत गेल्यावर तिघींना प्रथम वाटलं की आपण चुकून कोणाच्या तरी माळ्यावर आलो. कंदील, पितळी घंगाळं, पाळण्याच्या कड्या, बैलगाडीचं चाक. जात्यावर काच ठेवून त्याचं टेबल केलेलं. भिंतीवर दिव्याच्या उजेडात एक लाकडी फावडं टांगलेलं होतं, मीठ ओढायचं. वनितानं मान वर करून ते बराच वेळ पाहिलं.

"ह्याच्यानं माजी पाठ गेली," ती म्हणाली. "आन आता ह्याला लाईट लावलाय."

"तुझ्या पाठीला कोण लाईट लावणार," धोंडुबाई म्हणाली.

बाजाराचा मालक ऋत्विक नावाचा तरुण होता. डोक्यावर अंबाडा, पायात कोल्हापुरी, आणि बोलणं इतकं गोड की भांडायचं ठरवून आलेल्या माणसानं करायचं काय? गिरजाबाईनं वरवंट्याचं विचारलं. त्यानं तिघींना शेडच्या टोकाला नेलं.

तिथं वरवंटे होते. जळाऊ लाकडं रचावीत तसे भिंतीला लावून रचलेले, पार छातीपर्यंत. वर एक पुठ्ठा होता: 'डोअर स्टॉपर. ऑथेंटिक.'

"पाटे कुठं हायत?" गिरजाबाईनं विचारलं.

"पाटे अलिबागच्या एका रिसॉर्टला गेले, आजी. लॉनमधून चालायला वाट केलीय त्यांनी. फार सुंदर दिसतं."

"जोड्या कशाला मोडल्यात?"

"जोडीला गिऱ्हाईक नाही. वेगवेगळे पटकन जातात."

"आमच्यात पाट्याला आई म्हणतात," ती म्हणाली. "आन ह्याला लेक."

"वा," ऋत्विक म्हणाला, आणि खरंच मनापासून म्हणाला. "हे मी कार्डवर लिहू का? याची तुमची काही स्टोरी असेल तर सांगा ना. स्टोरी असली की वस्तू जाते."

"नसली तरीबी जाते."

तो तिला निवांत बघू द्यावं म्हणून बाजूला झाला. धोंडुबाई आणि वनिता एका उलट्या घंगाळावर बसल्या. गिरजाबाईनं पदर खोचला आणि वरचा पहिला वरवंटा दोन्ही हातांनी उचलला.

तो हातात बसला. जिथं तळव्याची गादी यायची तिथं खोलगट होतं, जिथं अंगठे टेकायचे तिथं गुळगुळीत होतं, वजन होतं तेवढंच होतं. हाच. इतक्या लवकर मिळावा याचा तिला थोडा रागसुद्धा आला.

"हाच हाय," ती म्हणाली.

"बग, मी बोल्ले नव्हते?" धोंडुबाई म्हणाली.

केवळ खात्रीसाठी, आता मिळालाच आहे तर, गिरजाबाईनं पहिला पायाशी ठेवून दुसरा उचलला. तोही हातात बसला.

तिनं तिसरा उचलला. तळव्याची गादी, अंगठे, वजन. चौथा जरा आखूड होता, पण हात पडला आणि हाताला तो आखूडपणा दोन क्षणांत आठवेनासा झाला. ती थांबली नाही. रचलेले एकेक उतरवत गेली, प्रत्येकाला दोन हातांत धरून जमिनीवर पुढं-मागं एकदा फिरवून पाहत गेली, आणि प्रत्येक वेळी हात म्हणत गेला, हाच. चाळीस वर्षं खोटं न बोललेला हात एका दुपारी इतकं खोटं बोलला. किंवा मग खरंच बोलत होता, आणि जिल्हाभरच्या बायकांनी एकाच हातानं चटणी वाटली होती.

वनिता उठली. तिनं एक उचलला, धरला, खाली ठेवला. धोंडुबाईनं एक धरून पाहिला.

"मनाबी बसतो गो," वनिता हळूच म्हणाली, जणू तिच्या हातून काही फुटलं होतं.

गिरजाबाई त्या पसाऱ्याच्या मध्ये बसली. आता सगळे वरवंटे खाली आले होते, आणि पहिला कोणता होता तेही सांगता येत नव्हतं. प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी कुंची घातली असणार. प्रत्येकाच्या बाजूला एकेक बाळ होतं. कोणी जगलं असेल, कोणी नसेल, कोणी मुंबईत असेल आणि आईला फोन करत नसेल. यातला कोणताही धनेशचा असेल. कदाचित एकही नसेल, आणि तो आधीच कोणाच्या तरी बंगल्यात दार अडवून बसला असेल. ती आजूबाजूला पाहून, अगदी खालच्या आवाजात, म्हणाली, "धन्या."

"बोला आजी," ऋत्विक लगबगीनं आला. "काही लागलं का?"

"नाय," ती म्हणाली.

शेडमध्ये ऊन तिरपं यायला लागलं. बाहेर काळुरामनं गाडी सुरू करून बंद केली. घाई नाही, पण गाडी आहे, एवढं कळवायला. धोंडुबाई गुडघ्यांवर हात देत उठली, पसाऱ्याभोवती एक फेरी मारली, आणि एका वरवंट्यापाशी थांबून त्याच्याकडे बोट केलं.

"ह्यो. ह्यो टवका बग. धनेशनं पाडलेला. पाच वर्सांचा आसंल. पायरीवरून टाकलानी."

गिरजाबाईनं वर पाहिलं. "मना नाय आठवत."

"तू मिठावर गेलेलीस. मी व्हते."

धोंडुबाई खोटं बोलायची तेही पापड विकल्यासारखं: नजर न हलवता, आणि वर एक जादा घालून. तो जादाचा घालायला वनिता पुढं आली.

"मीबी व्हते," ती म्हणाली. "मंग तू आल्यावर मारलास त्याला."

त्या वर्षी वनिता घरादारासकट वीटभट्टीवर होती, कर्नाटकात, हे गिरजाबाईला लख्ख आठवत होतं. धनेशला तिनं कधी मारलंही नव्हतं, आणि आता तेवढं एक मारलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटून गेलं. निदान ती खूण उरली असती. तिनं दोघींच्या तोंडांकडे पाहिलं. सकाळपासून मजा करून करून दमलेली ती तोंडं होती. त्यांना खोटं पाडायचं म्हणजे पुन्हा तो ढीग उपसायचा, आणि त्या उपसतील याची तिला खात्री होती.

"व्हय," ती म्हणाली. "ह्योच."

ऋत्विकनं तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि वर कागदी पिशवीही दिली, वारली चित्रांची.

परत येताना कोणी क्लचबद्दल बोललं नाही. गडबच्या पुलावर गिरजाबाईच्या मांडीवर पिशवी होती आणि तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती, कारण गाडी उडत होती आणि पिशवी कागदाची होती. धोंडुबाईला ते दिसलं आणि सहल चांगली झाली असं तिनं मनात ठरवून टाकलं.

घरी प्रतिक्षा उंबऱ्यावरच बसली होती. सकाळपासून तिथंच असावी.

"मिळाला, आई?"

"मिळाला."

प्रतिक्षानं पिशवीतून वरवंटा काढला. वर्तमानपत्र सोडलं, दगड फिरवून फिरवून पाहिला, आणि डोळे पुसत म्हणाली, "हाच. मी लगेच ओळखला." तिनं त्यावर आयुष्यात एक मिरची वाटली नव्हती. आता खोटे साक्षीदार तीन झाले, आणि तिघींचाही गिरजाबाईवर जीव होता. न्यायाच्या दृष्टीनं यापेक्षा वाईट ते काय.

प्रतिक्षा दिवा लावायला देवापाशी गेली. गिरजाबाईनं ट्रंक उघडली, तळातून धनेशची कुंची काढली. पिवळी पडली होती, एक बंद तुटला होता. तिनं ती वरवंट्याला घातली.

बसली. नीट बसली, दोन्हीकडून सारखी. कोणत्याही वरवंट्याला बसली असती.

तिनं थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. या वेळी चांगलं निरखून पाहिलं: टवका, मधली बारीक रेघ, एका अंगाला पांढुरका डाग. आता हा हरवला तर तिला हजारांत ओळखता आला असता. मग कुंची काढली, घडी घातली, ट्रंकेत ठेवली.

खाडीवरून वारा सुटला होता आणि मागचं दार आपटत होतं. नव्या ओट्याच्या वेळी बदललेलं दार, त्याची कडी कधी नीट लागलीच नाही. पाटा नव्हता, त्यामुळे कोपऱ्यात वरवंटा ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं. गिरजाबाईनं तो उचलला, दाराशी नेला आणि पुठ्ठ्यावर लिहिलं होतं त्याच कामाला लावला.

दार आपटायचं थांबलं. लोकाचं मूल आपल्या घरात निजलेलं असताना माणूस जसं पाय न वाजवता चालतं, तशी ती तिथून आत गेली.